खान्देशच्या थंडीत घोडा, पागा आणि रपेट : ऊब कशी टिकवायची

खान्देशातली थंडी फसवी असते. मे महिन्यात 44-45 अंशांत भाजून निघणारा हा मुलूख डिसेंबर-जानेवारीत राज्यातल्या सर्वांत गार ठिकाणांच्या यादीत जाऊन बसतो. धुळ्याचा पारा 6-7 अंशांवर आल्याची बातमी बहुतेक दर हिवाळ्यात येते, उत्तरेकडून लाट आली तर तो आणखी खाली जातो, आणि सातपुड्यात तोरणमाळ, डाब या बाजूला गवतावरचं दवही गोठतं. त्याच दिवशी दुपारी शहादा-दोंडाईचाच्या रस्त्यावर मात्र 28-30 अंशांचं ऊन लागतं. सकाळी जर्किन घालून निघालेला माणूस अकरा वाजता ते खांद्यावर टाकून फिरतो.

ज्याच्या दारात घोडा आहे त्याला पहाट टाळता येत नाही. लीद उचलायची, पाणी भरायचं, घासणीने अंग घासून खरारा करायचा, मग जीन कसून रपेट. वरातीची घोडी सांभाळणाऱ्यांना तर तुळशीच्या लग्नानंतर रात्रीही उघड्यावर उभं राहावं लागतं. या सगळ्यांना मला एकच गोष्ट सांगायची आहे : आपल्याकडे माणूस थंडीपेक्षा स्वतःच्या घामाने जास्त गारठतो. फावडं मारताना अंग तापतं, बनियन भिजतं, आणि तसंच घोड्यावर बसलं की वारा त्या ओल्या कपड्यातून अंगातली ऊब ओढून नेतो. म्हणून जाड कपडे किती घातले यापेक्षा अंग कोरडं किती राहिलं, हे महत्त्वाचं. घोड्यालाही हाच नियम लागू आहे.

आदल्या संध्याकाळी

सकाळचं अर्धं काम इथेच होतं. दुसऱ्या दिवशीचे कपडे क्रमाने काढून ठेवा, त्यात एक जादा कोरडं बनियन आणि पायमोज्यांचा एक जादा जोड हवाच. बूट ओले असतील तर आत जुनी वर्तमानपत्रं चुरगळून कोंबा. कागद ओल शोषून घेतो आणि सकाळपर्यंत बूट घालण्याजोगे होतात. चुलीच्या तोंडाशी चामड्याचे बूट वाळवू नका, चामडं कडक होऊन तडकतं.

लगाम, तंग (जीन आवळायचा पोटाखालचा पट्टा), मोरखी (डोक्याला बांधायची दोरी) हे सामान पागेत उघड्यावर टांगून न ठेवता घरात किंवा बंद खोलीत ठेवा. दवाने भिजलेला चामडी लगाम पहाटे हातात धरला की बोटं पहिल्या पाच मिनिटांतच बधिर होतात. जीनखाली टाकायची घोंगडी किंवा नमदा (दाबलेल्या लोकरीचं जाड कापड) कोरडा आहे ना, तेही रात्रीच पाहून ठेवा.

अंगावर काय घालायचं

तीन थर पुरतात, पण त्यांचा क्रम चुकवायचा नाही.

अंगालगतच्या थरात सुती बनियन शक्यतो टाळा. सुती कापड आपल्याला सवयीचं आहे, उन्हाळ्यात त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही, पण ते घाम धरून ठेवतं आणि लवकर वाळत नाही. त्याऐवजी पातळ लोकरीचं किंवा बाजारात थर्मल म्हणून मिळतं ते कृत्रिम धाग्याचं इनर घ्या. घेताना लेबल वाचा, बरीच स्वस्त थर्मल सुतीच असतात. सुतीशिवाय दुसरं काही नसेल तर काम संपल्यावर बनियन बदलायचंच, एवढं पाळा.

मधला थर लोकरीचा स्वेटर. लोकर थोडी ओली झाली तरी ऊब देते. ठेलारी, धनगर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या उघड्या माळावर घोंगडीच्या भरवशावर रात्री काढत आली आहेत, ती उगीच नाही. दोन पातळ स्वेटर एका जाड स्वेटरपेक्षा बरे : मधे हवा अडकते, आणि ऊन चढलं की एक काढता येतो.

वरचा थर वारा अडवणारा. ताशी 20 किलोमीटर वेगाने घोडा दौडत असेल आणि हवा 8 अंशांची असेल, तर वारा नसतानाही तोंडावर ती 5 अंशांसारखी लागते. समोरून वारा असेल तर आणखी गार. अशा वेळी नुसता स्वेटर जाळीसारखा वाटतो. साधं विंडचीटर चालेल, फक्त पुढची चेन पूर्ण बंद होणारी आणि बाह्या मनगटाशी घट्ट असाव्यात. घोड्यावर बसताना फार लांब कोट नको, तो जीनच्या मागच्या कडेत अडकतो.

मफलर, उपरणं, शाल यांचं सुटं टोक घोड्यावर बसताना कधीही मोकळं सोडू नका. ते फडफडलं की घोडा बुजतो, आणि पडताना कशात अडकलं तर गळ्याला फास बसतो. गळ्याभोवती एक वेढा देऊन दोन्ही टोकं जर्किनच्या आत खोचा. खांद्यावर घोंगडी टाकून रपेट करण्याचा मोहही आवरा. घोंगडी पागेत आणि मुक्कामावर वापरायची.

डोक्याला माकडटोपी घालून वर हेल्मेट चढवणारे पुष्कळ दिसतात. जाड टोपीवर हेल्मेट नीट बसत नाही, सरकतं, आणि पडल्यावर नेमक्या वेळी उपयोगी पडत नाही. कान झाकणारी पातळ, शिवण न टोचणारी टोपी घ्या आणि ती घालूनच हेल्मेटचा पट्टा जुळवा. पागेत काम करताना मात्र माकडटोपी खुशाल घाला.

हात आणि पाय

हातमोज्यांचे दोन जोड लागतात. एक कामाचा : तळव्याला रबर लावलेले जे मोजे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात ते फावड्याला, घमेल्याला, गाठी सोडायला उत्तम. पाण्याच्या कामाला ते उपयोगाचे नाहीत, तिथे लांब रबरी मोजे घाला. दुसरा रपेटीचा : पातळ, बोटाला बोट असलेला, लगाम न निसटणारा. हा जोड पागेत वापरायचा नाही, खिशात कोरडा ठेवायचा. जाड फुगीर मोज्यांत लगामाचा ताण कळत नाही आणि हात कडक होतात. तोंडावर असा कडक हात आला की घोडाही मान ताठ करतो.

हात गार पडले तर फुंकर मारण्याने फारसं काही होत नाही. दोन्ही हात खांद्यापासून सैल सोडून पुढे-मागे जोरात झुलवा, रक्त बोटांच्या टोकापर्यंत जातं. स्वार असाल तर एका हातात लगाम, दुसरा हात घोड्याच्या मानेवर आयाळीखाली सरकवा. हिवाळ्यात घोड्याच्या अंगावर याच्याइतकी उबदार जागा दुसरी नाही.

पायांची गोष्ट थोडी वेगळी. माणसं दोन-दोन पायमोजे कोंबून घट्ट बूट घालतात आणि मग पाय बर्फ झाले म्हणतात. आवळलेल्या पायात रक्त नीट फिरत नाही. एकच जाडसर लोकरी मोजा घाला, आणि बुटात बोटं हलली पाहिजेत. बूट घेताना हिवाळ्याचा मोजा घालूनच घ्या.

पागेतल्या कामाला गमबूट चालतात, पण त्यांच्या पातळ तळातून फरशीचा गारवा सरळ वर येतो. आत कापलेली नमद्याची पट्टी किंवा जाड पुठ्ठा घाला. जिथे बराच वेळ एका जागी उभं राहून खरारा करायचा असतो, तिथे गोणपाट दुहेरी करून टाका. उघड्या सिमेंटवर आणि गोणपाटावर उभं राहण्यात किती फरक आहे, ते दहा मिनिटांत कळतं.

गमबूट घालून रिकिबीत, म्हणजे जीनला लटकणाऱ्या पायकडीत, पाय घालू नका. असा ढगळ बूट रिकिबीत अडकतो आणि पडल्यावर घोडा माणसाला फरफटत नेतो. बुटाच्या दोन्ही बाजूंना मिळून साधारण एक इंच जागा मोकळी राहील एवढी रिकीब रुंद हवी, आणि बुटाला थोडी टाच हवी. लोखंडी रिकीब थंडीत पायातली ऊब खेचते. तिच्या पायरीवर रबरी पट्टी असली तर बराच फरक पडतो.

पागेतलं काम : गार सुरुवात, कोरडा शेवट

घरातून निघताना थोडं हिव वाजलं पाहिजे. दारात पाऊल टाकतानाच छान ऊब वाटत असेल तर पाच-सात मिनिटांत घाम येणार हे नक्की. म्हणून पागेत शिरल्यावर आधी हळू कामं घ्या : घोड्यावर एक नजर, पाय-खूर पाहणं, दावण बघणं. मग जोराचं काम. फावडं हातात घेण्याआधी वरचा थर काढून खुंटीला टांगा. कपाळावर घाम दिसेपर्यंत थांबू नका, पाठीला ऊब लागली की तेवढ्यावरच एक थर कमी करा.

कामांचा क्रम लावताना पाण्याचं काम मधे ठेवा. सुरुवातीलाच हात भिजले तर पुढचा तासभर ते गारच राहतात, आणि शेवटी भिजले तर त्याच हातांनी लगाम धरावा लागतो. आधी लीद आणि ओलं अंथरण काढा, मग पाणी, मग हात कोरडे पुसून खरारा. रबरी किंवा लोखंडी खरारा गोल-गोल जोरात फिरवला की तुमचे खांदे मोकळे होतात आणि घोड्याचं रक्तही खेळतं. हिवाळ्यात हे काम उरकून टाकू नका. वेळ द्यायचा तर इथे द्या.

काम संपलं, आता रपेट. याच ठिकाणी सगळ्यात महत्त्वाची दोन मिनिटं असतात : आडोशाला जाऊन ओलं बनियन काढा, अंग टॉवेलने खसाखसा पुसा, कोरडं बनियन घाला, मग स्वेटर आणि विंडचीटर. कपडे काढायचा कंटाळा येतो, पण पुढचा तासभर कसा जाणार ते यावर ठरतं.

पाणी : बोअरचं ताजं, टाकीतलं नाही

आपल्याकडे जमिनीखालचं पाणी बाराही महिने जवळपास सारख्याच तापमानाचं असतं. म्हणून हिवाळ्यात पहाटे मोटार सुरू केली की बोअरच्या नळातून कोमट पाणी येतं आणि बादलीवर वाफ दिसते. रात्रभर सिमेंटच्या हौदात किंवा टाकीत राहिलेलं पाणी मात्र दात शिवशिवतील इतकं गार झालेलं असतं. घोड्याला आणि आपल्या हातांना ताजं पाणीच बरं. लाईटची पाळी रात्रीची असेल तर झाकणाच्या टाकीत भरून तिच्याभोवती गोणपाट किंवा पेंढा गुंडाळा, नाहीतर चुलीवर एक हंडा तापवून बादलीत मिसळा.

हे लाड नाहीत. मोठा घोडा दिवसाला साधारण 25 ते 40 लिटर पाणी पितो. गार पाणी तो कमी पितो, वर हिवाळ्यात वाळला चारा जास्त, त्यामुळे आतड्यात चारा घट्ट होऊन पोटशूळ उठण्याचा धोका वाढतो. घोडा सारखा मागे वळून पोटाकडे बघतो, जमीन उकरतो, लोळतो, लीद टाकत नाही, असं दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा.

खाण्याचंही इथेच सांगतो. थंडी वाढली की लोक चंदी, म्हणजे दाणा, वाढवतात. ऊब हवी असेल तर आधी चारा वाढवा. वाळलं गवत, हरभऱ्याचं कुटार हे घोड्याच्या मोठ्या आतड्यात आंबतं आणि त्यातून तासन्‌तास ऊब तयार होत राहते. रात्री झोपण्याआधी एक जादा पेंढी टाकली तर पहाटेपर्यंत घोड्याची आतली चूल चालू राहते. हरभरा, जव एकदम वाढवले तर पोट बिघडतं.

माणसाचंही तसंच आहे. नुसत्या चहावर पागेत जाऊ नका. बाजरीची किंवा कळण्याची भाकरी, ठेचा, वर तीळ-गुळाचा खडा, एवढं पोटात असलं तर हात-पाय लवकर गार पडत नाहीत. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी विसरू नका. आणि अंगात गरमी यावी म्हणून दारूचा घोट घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा : दारूने कातडीला ऊब लागल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात अंगातली ऊब बाहेर निघून जाते. घोड्यावर तर ती हवीच कशाला?

जीन कसताना आणि रपेटीत

लगामाची लोखंडी कडी तोंडात देण्याआधी दोन-तीन मिनिटं तळहातात किंवा जर्किनच्या आत काखेशी धरून गरम करा. गार लोखंड दातांना लागलं की घोडा डोकं वर फेकतो, आणि काही दिवसांनी लगाम पाहूनच मान फिरवायला लागतो.

तंग एकदम आवळू नका. हिवाळ्याच्या सकाळी पाठीचे स्नायू ताठ असतात, काही घोडे जीन पडताच पाठ कमानीसारखी उचलतात. तंग सैल बांधा, घोडा हातात धरून चारशे-पाचशे पावलं चालवा, मग एक-दोन भोकं वाढवा, आणि मगच रिकिबीत पाय ठेवा. या चालण्याने तुमचेही पाय गरम होतात. पुढची 10-15 मिनिटं फक्त चाल. मग दुडकी, मग दौड. मारवाडी, काठेवाडी घोडे तल्लख असतात, थंड हवेत त्यांच्या अंगात जास्तच उत्साह भरतो, आणि मालकाला वाटतं की घोडा तयार आहे. स्नायू तयार झालेले नसतात.

वाट निवडताना जाताना वारा तोंडावर आणि येताना पाठीवर ठेवा. परतताना अंग घामेजलेलं असतं, तेव्हा समोरून वारा नको. तापीकाठी आणि पाटाच्या कडेने पहाटे धुकं साचतं. तिथून जायचं तर सूर्य वर आल्यावर जा, गारवाही कमी आणि समोरचा ट्रॅक्टरही दिसतो. केळीच्या मळ्यांमधल्या वाटाही सकाळी गार, ओल्या असतात. मोकळ्या शिवारात ऊन आधी पोचतं.

पाय बधिर व्हायला लागले तर मोकळ्या, सपाट जागी, शांत घोड्यावर, चालीत असताना दोन्ही पाय रिकिबीतून काढून घोटे गोल फिरवा. तरीही सुन्न वाटत असतील तर उतरा आणि घोड्याबरोबर चाला. सुन्न पायाने रिकिबीचा अंदाज येत नाही, म्हणून उतरण्यात कमीपणा नाही.

उतरल्यावर

शेवटचा एखादा किलोमीटर चालीत या, तंग एक भोक सैल करा. पागेत आल्यावर घोडा घामेजलेला असेल तर लगेच झूल टाकू नका. आधी गव्हांड्याची (गव्हाच्या काडाची) मूठ किंवा कोरडं गोणपाट घेऊन केसांच्या उलट दिशेने घासा, खास करून जीनखाली, तंगाच्या जागी आणि कानांच्या मुळाशी. ओल्या केसांवर झूल म्हणजे ओला कपडा पांघरणं. घाईच असेल तर झुलीखाली पेंढ्याचा पातळ थर पसरा, वाफ बाहेर जाते.

झूल कधी हवी ते थर्मामीटरपेक्षा हात चांगलं सांगतो. झुलीखाली खांद्यामागे तळहात सरकवा. कोरडं आणि कोमट लागलं तर ठीक. दमट लागलं तर झूल जास्त झाली. कान मुळाशी गार आणि अंग थरथरतंय तर कमी पडते आहे. निरोगी, पोटभर चारा मिळालेला, हिवाळी केस आलेला घोडा 6-7 अंशांत आडोशाला बिनझुलीचाही तग धरतो. म्हातारा, आजारी, हाडकलेला, शिंगरू किंवा केस कापलेला घोडा असेल तर झूल हवी. ऊन चढलं की मात्र नऊ-दहाला झूल काढाच. रात्रीची झूल दुपारपर्यंत अंगावर राहिलेले घोडे आपल्याकडे घामाने भिजतात आणि संध्याकाळी त्याच ओलीने गारठतात.

पागा चारही बाजूंनी बंद करू नका. उत्तरेकडची बाजू छातीच्या उंचीच्या वर जाईल एवढी गोणपाटाने झाका, वरून हवा खेळू द्या. बंद पागेत मुताचा उग्र वास साचतो, तो वायू घोड्याच्या आणि तुमच्याही फुफ्फुसाला वाईट. डोळे चुरचुरत असतील तर पागा फार बंद झाली असं समजा.

शेकोटी

पऱ्हाट्या आणि तुराट्या (कपाशीची आणि तुरीची वाळलेली झाडं) आपल्याकडे मुबलक, त्यामुळे शेकोटी हटकून पेटतेच. ती पेटवा, पण चाऱ्याच्या गंजीपासून आणि पागेपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, आणि शेजारी पाण्याची भरलेली बादली ठेवून. पऱ्हाटीच्या ठिणग्या लांब उडतात. बधिर हात एकदम आगीवर धरू नका. चटका कळत नाही आणि कातडी भाजते. आधी काखेत किंवा कोमट पाण्यात ऊब द्या.

निखाऱ्यांची शेगडी किंवा घमेलं बंद खोलीत, पागेत किंवा तंबूत रात्री कधीही ठेवू नका. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आणि झोपेतच माणूस दगावतो. या बाबतीत कुणाचीही भीड धरू नका.

सारंगखेड्याला किंवा उघड्यावर मुक्काम

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो तो नेमका थंडी वाढण्याच्या दिवसांत. नदीजवळची मोकळी जागा, दव आणि वारा, तिन्ही एकत्र. इथे वरून पांघरूण वाढवण्याआधी खाली अंथरूण वाढवा, कारण जमीन पाठीतली ऊब ओढते. ताडपत्री, तिच्यावर हातभर पेंढा, वर गोणपाट, मग घोंगडी. घोडे वाऱ्याकडे पाठ करून बांधा आणि वाऱ्याच्या बाजूला टेम्पो आडवा लावा, आयती भिंत मिळते. झोपताना दिवसभराचे पायमोजे बदला, ते कोरडे वाटले तरी ओलसर असतात.

घोडा टेम्पोतून नेणार असाल तर निघण्याची वेळ शक्यतो सकाळी नऊनंतरची ठेवा. रात्रीच निघावं लागलं तर पुढच्या बाजूला ताडपत्री छातीपर्यंत बांधा, वरची आणि मागची बाजू उघडी ठेवा, आणि घोड्याजवळ बसणाऱ्याने समोरच्या फळीच्या आडोशाला बसावं, कान झाकावेत. दर दोन तासांनी थांबून घोड्याला पाणी दाखवा, बसणाऱ्याने खाली उतरून पन्नास-शंभर पावलं चालून यावं, आणि झुलीखाली एकदा हात घालून पाहावा. टेम्पोच्या हेलकाव्यात तोल सावरताना घोडा घामेजतो. हाताला ओल लागली तर झूल काढून पाठ पुसावी आणि बरोबर आणलेली दुसरी कोरडी झूल टाकून मगच पुढे निघावं.